चार गाण्यांचा डाय

आमच्या दुकानात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गिऱ्हाइकांसाठी. मला ते कधी लागलं नाही. लहान पोराचे केस म्हणजे दीड गाणं, कारण दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर पोर भोकाड पसरतंच. मोठ्या माणसाचे केस तीन गाणी, दाढी दोन. आणि डाय चार गाणी. डोक्याला डाय फासायचा, कॅसेटचं बटण दाबायचं, पाचवं गाणं सुरू झालं की धुवायला घ्यायचं. असं मी बेचाळीस वर्षं केलं आणि एकाही डोक्याचा रंग चुकला नाही.

हे ऐकलं की माझी मुलगी कपाळाला हात लावते.

"बाबा, डब्यावर लिहिलेलं असतं, पंचवीस मिनिटं. लोक घड्याळ लावून बसतात."

"लोक घड्याळ लावून झोपतातसुद्धा. येते का त्यांना झोप?"

"उत्तर कशाचंही द्यायचं तुम्हाला."

द्यायचंच. केस कापणाऱ्याला जीभ नसेल तर त्याने मेंढरं भादरावीत.

ती कॅसेट मी स्वतः भरून घेतली होती. त्या काळी चौकातल्या एका दुकानात गाण्यांची यादी द्यायची, की तिथला माणूस तबकड्यांवरून एकेक गाणं उतरवून कॅसेट भरून द्यायचा. यादी करायला मला चार दिवस लागले. नव्वद मिनिटांची कॅसेट, दोन बाजूंना सात-सात गाणी, आणि क्रम असा की एका गाण्यातून माणूस अलगद दुसऱ्यात उतरावा. पहिलं शिट्टीवालं, दुसरं होडीवालं, तिसरं ते दोघांचं, ज्यात ती बाई मधेच हसते, चौथं रडकं. गाण्यांची खरी नावं मी कधी लक्षात ठेवली नाहीत. फीत झिजली की पुन्हा तीच यादी, तोच क्रम. अशा तीन कॅसेटी झाल्या.

दुकान तेव्हा माझ्या वडिलांचं होतं आणि त्यांना हे प्रकरण बिलकुल पसंत नव्हतं. "कात्रीचा आवाज ऐकू येत नसेल तर केस कसा कापला जातोय हे तुला कळणार कसं?" असं म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बोथट कात्री आधी कानाला कळते, मग हाताला. पण मी चोवीस वर्षांचा होतो. चोविसाव्या वर्षी बापाचं बरोबर असलं तरी मान्य करायचं नसतं. तिसऱ्या दिवशी होडीवालं लागलं तेव्हा गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारता मारता वडिलांचा पाय हलत होता, हे मात्र मी पाहून ठेवलं.

काय दिवस होते ते! समोर बेकरी, शेजारी कपडे धुणाऱ्याचं दुकान, कोपऱ्यावर बँक. दुपारी बँकेतली माणसं डबा खाऊन आमच्या बाकावर येऊन बसायची. "झाले ना तुमचे केस?" विचारलं तर म्हणायची, "झाले हो, पण ही बाजू संपू दे." माझी बायकोही मला त्या बाकावरच सापडली. धाकट्या भावाला केस कापायला घेऊन यायची आणि दाराशी उभी राहून होडीवालं संपेपर्यंत हलायची नाही. त्या वर्षी त्या बिचाऱ्याचे केस महिन्यातून दोनदा कापले गेले. पुढे पुढे कापायला काही शिल्लकच राहायचं नाही, तरी मी कात्री हवेत चालवायचो. मला आजही त्या गाण्यातली पहिली सतार ऐकली की हातातलं काम थांबतं. ते वय परत यावं असं नाही. पण त्या वयात जे काही कानात गेलं ते आत घर करून बसलं आणि नंतर आलेल्या कुणाला तिथे जागाच मिळाली नाही, एवढं खरं.

मुलगी मोठ्या शहरातल्या एका नामी सलूनमध्ये पाच वर्षं काम करून परत आली, त्याला आता तीन वर्षं झाली. "बाबा, दुकान मी चालवते," म्हणाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. वस्तरा मानेवरून असा फिरवते की माणसाला झोप लागावी. पाटी बदलली, आरसे बदलले, बायकाही केस कापायला यायला लागल्या. दुकानात दोन खुर्च्या. मोठ्या आरशासमोरची तिची, खिडकीजवळची माझी. माझी खुर्ची लोखंडी, पायाने दाबून वर-खाली करायची, हातांवरचं कातडं दोनदा बदललेलं. तिच्यामागे उभं राहून माझं आयुष्य गेलं.

तिला त्या जागी डोकं धुवायचं बेसिन हवं होतं, ज्यात मान मागे टाकून निवांत बसता येतं तसलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाला मागच्या मोरीत वाकून उभं राहावं लागायचं. म्हातारी माणसं उठताना कंबर धरायची. बेसिन दुसऱ्या कुठल्याच कोपऱ्यात मावत नव्हतं. ती मला तोंडाने काही म्हणाली नाही. पण मी चहाला बाहेर गेलो की मोजपट्टी घेऊन माझ्या खुर्चीभोवती फिरायची, आणि मी आलो की पट्टी खिशात.

एक दिवस मीच म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? काय ते बोल."

ती लाल झाली. मग म्हणाली, "बाबा, तुमचा हात अजून चांगला आहे. जोवर आहे तोवर खुर्ची तुमची."

"आणि हात चांगला नाही हे कोण ठरवणार? तू?"

"गिऱ्हाईक ठरवेल."

"ठरलं. एक तक्रार आली की खुर्ची काढ. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"मी असं म्हटलं नाही, बाबा."

"मी म्हटलं."

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतला? अहो, पन्नास वर्षांत तक्रार आली नव्हती. मला काय माहीत!

खरं तर त्या खुर्चीशिवाय मी कोण, हे मला माहीत नव्हतं. माझे दोन-तीन मित्र घरी बसलेत. सकाळी पेपर वाचतात, दुपारी तोच पेपर पुन्हा वाचतात, संध्याकाळी सुनेच्या वाटेत येतात. मला त्याची भीती वाटायची. मरणाची वाटत नाही एवढी.

गेल्या वर्षी टेपने मान टाकली. फीत अशी काही चावली की दुरुस्तीवाल्याने हात जोडले. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मुलीने भिंतीवर एक काळा डबा बसवला. तो फोनवरून वाजतो. त्यातून तिची गाणी सुरू झाली. तिच्या गाण्यांबद्दल मी काय बोलावं! कपडे धुवायच्या मशीनमध्ये कुणी चप्पल टाकली आणि झाकण लावायला विसरलं, असं काहीतरी. त्यात एक मुलगा झोपेत बोलल्यासारखा बोलतो.

"हा गातोय का पत्ता सांगतोय?" मी विचारलं.

"बाबा, शब्द ऐका ना त्याचे."

"ऐकतोय. 'मी एकटा, मी एकटा.' एकटा आहे तर एवढे ढोल कशाला सोबत?"

"आणि तुमचा तो होडीवाला? सहा मिनिटं वल्ही मारतो आणि किनारा काही येत नाही."

गिऱ्हाईक हसलं. तिच्या बाजूने हसलं, हे मला लागलं. मी तोंड फुगवून गाण्यांशिवाय काम करायला लागलो. घड्याळाकडे बघून डाय धुतला. रंग बरोबर यायचा, पण दिवस संपायचा नाही. कात्री हातात जड वाटायची. बायको म्हणाली, "तुझं दुखतंय कुठे?" मी म्हटलं, "कुठे नाही."

अशा दोन महिन्यांनी एका शनिवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं, गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायचं कापड झटकलं, आणि त्या काळ्या डब्यातून शिट्टी आली.

माझ्या हातातलं कापड खाली पडलं.

मुलगी फोन हातात घेऊन उभी होती. "चौदाच्या चौदा आहेत," ती म्हणाली. "त्याच क्रमाने. पहिली बाजू, मग दुसरी बाजू. दोन महिने शोधत होते. नावं तुम्हाला माहीत नाहीत, मला माहीत नाहीत, नुसत्या चाली गुणगुणून शोधलं."

मी कापड उचललं, पुन्हा झटकलं, आणि म्हटलं, "आवाज जरा मोठा कर." तिला तेवढं पुरलं. ती हसत तिच्या खुर्चीकडे गेली.

तेवढ्यात मास्तर आले. मास्तर म्हणजे आमचे भूगोलाचे निवृत्त शिक्षक, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. महिन्यातून एकदा डाय, आणि तो काळाकुळकुळीत. त्या दिवशी दुपारी त्यांच्या पहिल्या वर्गातल्या मुलांचा मेळावा होता, परगावी. मुलं म्हणजे आता नातवंडं असलेली मुलं. मास्तर नवा सदरा घालून आले होते.

"उस्ताद, आज हात राखू नकोस," ते म्हणाले. "त्यांच्यापेक्षा मी तरुण दिसलो पाहिजे."

"मास्तर, तुम्हाला वर्गाबाहेर उभं करतील, विद्यार्थी समजून."

"बाराची गाडी आहे. वेळेत सोड."

मी डाय कालवला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हात आपोआप चालत होता. ब्रश, कंगवा, बोट, पुन्हा ब्रश. दातात कंगवा धरला, कानाच्या वरचे बारीक केस भरले. मुलीला सांगितलं, "पहिल्यापासून लाव." शिट्टीवालं लागलं, होडीवालं लागलं, ती बाई हसली, रडकं आलं. मास्तर डोळे मिटून बसले होते. मी खिडकीशी उभा होतो. समोर बेकरीच्या जागी आता फोनचं दुकान आहे, पण त्या सकाळी मला पावाचा वास आल्यासारखा झाला. पाचवं गाणं सुरू झालं आणि मी मास्तरांना मोरीकडे नेलं.

ओले केस काळेच दिसतात. मास्तरांना घाई होती. टॉवेलने पुसले, टोपी घातली आणि निघाले. जाताना म्हणाले, "उस्ताद, आज चटकन झालं रे." मी म्हटलं, "चांगल्या संगतीत वेळ कळत नाही."

सोमवारी मास्तर आले ते टोपी घालूनच. त्यांनी फोन पुढे केला. मेळाव्याचा फोटो होता. चाळीस-पन्नास पिकलेली डोकी, आणि मधोमध मास्तर. त्यांचे केस विटकरी होते. मुळाशी पांढरे, टोकाला काळपट आणि मधे विटकरी.

"एक जण म्हणाला, सर, तुम्ही आता मॉडेलिंग करता का?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज ओढलेला होता. "मी हसलो, काय करणार! पण उस्ताद, चाळीस वर्षांत एकदाच मला नीट दिसायचं होतं."

मला काहीच कळेना. चार गाणी पुरी केली होती. मी मोजली होती.

मी तोंड उघडायच्या आत मुलगी पुढे झाली. "मास्तरकाका, माझी चूक आहे. डाय नवीन आणला होता, त्याला वेळ जास्त लागतो. बाबांना सांगायचं माझ्याकडून राहिलं."

"अगं, मग आधी बोलायचं नाही का?" मास्तरांचा राग लगेच उतरायला लागला. पोरीवर कोण चिडणार! "असो. होतं असं. आता निस्तर."

तिने त्यांना तिच्या खुर्चीत बसवलं आणि फोनवर पंचवीस मिनिटांचा गजर लावला. आणि मी? मी बाहेर जाऊन चहा प्यायलो. मला वाटलं, बरोबरच आहे, डाय नवीन असणार. मला ते वाटून घ्यायचं होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि वांगं काही बोललं नाही, मग मी कशाला बोलू?

मास्तर काळे होऊन गेले. मी आत आलो आणि शेल्फवरचा डबा पाहिला. नेहमीचाच डबा, नेहमीची कंपनी, अर्धा संपलेला. नवीन काही आणलेलंच नव्हतं.

मुलगी मागे टॉवेल वाळत घालत होती. मी तिचा फोन घेतला, ती यादी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाणं ऐकताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. शिट्टीवालं अडीच मिनिटांत संपलं. पुन्हा लावलं. शिट्टी, मुखडा, पहिलं कडवं, मुखडा, खलास. मधलं व्हायोलिन नाही. दुसरं कडवं नाही. होडीवाल्यातली सतार दोनदा टुणटुणते आणि गप्प होते. तिसऱ्यातली बाई हसायची तेवढी हसते आणि निघून जाते. चार गाणी मिळून दहा मिनिटं झाली. कुणीतरी आजच्या घाईच्या माणसांसाठी ती छाटून ठेवली होती.

डाय का चुकला ते कळलं. पण मला त्याचं काही वाटेना. माझ्या छातीत बसलं ते वेगळंच. या गाण्यांचा श्वासन् श्वास मला पाठ आहे, असं मी ज्याला-त्याला ऐकवत आलो होतो. मुलीच्या गाण्यांना नाकं मुरडत आलो होतो. आणि त्याच गाण्यांचे हातपाय तोडून कुणी माझ्यासमोर ठेवले, तर मला पत्ताही लागला नाही. मी खिडकीशी उभा राहून पावाचा वास घेत होतो. मग मी इतकी वर्षं ऐकत काय होतो? खूप लाज वाटली. म्हातारा झालो असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मुलगी आत आली. माझ्या हातातला फोन आणि माझी नजर घड्याळावर, हे तिने पाहिलं.

"पूर्ण गाणी मिळाली नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "तीनच मिळाली सबंध. बाकीची अशीच होती. मला वाटलं, तुम्ही पहिल्याच गाण्याला ओरडाल. मग तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, चालतंय."

"तुला माहीत होतं, तर मास्तरांना खोटं का सांगितलंस?"

"एक तक्रार आली की खुर्ची काढ, असं कोण म्हणालं होतं?"

मी फोन तिच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. ते झाडांना पाणी घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गाण्यांवर वेळ मोजतो ते, गाणी छाटलेली होती ते, आणि पोरीने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी चहा प्यायला गेलो तेही.

मास्तर झारी हातात धरून ऐकत राहिले. "म्हणजे चाळीस वर्षं तू माझा डाय गाण्यांवर केलास?"

"हो."

"आणि मी समजायचो, तू घड्याळाकडे न बघता वेळ ओळखतोस. बायकोला कौतुकाने सांगायचो." ते हसायला लागले. झारीतलं पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. "जा रे उस्ताद. माझी काही तक्रार नाही."

"नाही कशी? काल होती."

"मग होती म्हण. आता नाही."

पण सोमवारी होतीच. आणि खरं सांगायचं तर प्रश्न आता तक्रारीचा राहिला नव्हता. हात थरथरला की थांबायचं, असं मी मनाशी ठरवलेलं. माझे हात ठणठणीत आहेत. पण आपली चूक पोरीच्या डोक्यावर ठेवून चहा पिणाऱ्याने कोणत्या तोंडाने त्या खुर्चीमागे उभं राहायचं? मी दुकानात आलो आणि म्हटलं, "बेसिनवाल्याला बोलाव."

"मी काही बोलावणार नाही," ती म्हणाली. "मास्तरकाकांचा फोन आला होता. त्यांची तक्रार नाही."

"माझी आहे."

"बाबा, हट्ट करू नका."

"पन्नास वर्षं हट्टच केला. आता एक शहाणपणाची गोष्ट करतोय तर करू दे. म्हातारी माणसं मोरीत वाकतात, मलाच बघवत नाही."

ती रडली. मला वाटलं होतं, खूश होईल. पोरं कधी खूश होतील आणि कधी रडतील, हे मला अजून कळलेलं नाही. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि फोन लावला. माणूस शुक्रवारी दुपारी येणार होता.

शुक्रवारी आम्ही सकाळचं काम आटपून दुकान बंद ठेवलं. काळा डबा भिंतीवरून काढून ठेवला होता, कारण भिंतीला छिद्रं पाडायची होती. मी खुर्चीच्या खालचा तेलकट डाग पुसत होतो. पुसून काय उपयोग होता, कोण जाणे!

"बसा," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या खुर्चीत. केस वाढलेत तुमचे."

मी तिच्याकडून कधी केस कापून घेतले नव्हते. मागच्या गल्लीत माझा एक जुना मित्र आहे, इतकी वर्षं आम्ही एकमेकांचेच कापत आलो. पोरीच्या हाताखाली मान द्यायला मला संकोच वाटायचा. पण त्या दिवशी मी मुकाट्याने बसलो. त्या खुर्चीत बसून दुकान केवढं दिसतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तिने कापड टाकलं, पाण्याचा फवारा मारला, कंगवा फिरवला. दुकानात अजिबात आवाज नव्हता. नुसती कात्री चालत होती. आणि मग, तिच्या लक्षातही न येता, ती गुणगुणायला लागली. शिट्टीवालं. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं, मग तिने मधलं व्हायोलिन तोंडाने वाजवलं, सगळ्या वळणांसकट, आणि सरळ दुसऱ्या कडव्यात शिरली. एक शब्द चुकला नाही.

"हे तुला कुठून येतं?" मी आरशात बघून विचारलं. "यादीत तर नव्हतं."

"तुमच्याकडून. दुसरं कुठून?"

"कॅसेटमधून म्हण."

"नाही. तुमच्याकडून. तुम्ही गाता ना, काम करताना."

"मी? मी कधी गायलो?"

तिची कात्री थांबली. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करतोय का बघायला. "बाबा, तुम्ही रोज गाता. दातात कंगवा धरलेला असतो, त्याच्यामागून. सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. आईलाही माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"शाळेतून येऊन मी त्या बाकावर अभ्यासाला बसायचे, तेव्हापासून ऐकतेय," ती म्हणाली. "मला ती गाणी तुमच्याच आवाजात आठवतात. शोधताना मूळ गाणं लागायचं तर वाटायचं, हा परका माणूस कोण मधेच? दोन महिने गात नव्हता तुम्ही. दुकान कसंतरीच झालं होतं. म्हणून तर शोधली."

मी आरशातून मागच्या बाकाकडे पाहिलं.

"आणि त्या शनिवारी," ती म्हणाली आणि हसायला लागली, पण तिचे डोळे भरले होते, "शिट्टीवालं संपलं, होडीवालं सुरूही झालं, तरी तुम्ही अजून शिट्टीवाल्याच्या दुसऱ्या कडव्यात. डबा एक वाजवतोय, तुम्ही दुसरंच गाताय. छाटलेलं सगळं तुम्ही पूर्ण करत होता. मी हातातलं काम सोडून ऐकत उभी होते. डायचं मला सुचलंच नाही, बाबा. म्हणून मास्तरकाकांना म्हटलं, माझी चूक. ते सगळंच काही खोटं नव्हतं."

बाहेर एक टेम्पो येऊन थांबला. बेसिनवाला शटरवर टकटक करू लागला.

"थांबा हो पाच मिनिटं," तिने ओरडून सांगितलं. मग माझी मान दोन बोटांनी सरळ केली. "दुसरं कडवं म्हणा. हलू नका फक्त."

आता मला माहीत होतं की मी गातोय, म्हणून लाज वाटत होती. मी खाकरलो आणि सुरू केलं. पहिला सूर साफ चुकला. ती कात्री चालवायला लागली.